झील कोणी धरली?

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. दर वेळी मी कोणाला तरी बोलावते, प्रश्न विचारते आणि गप्प बसते. आज पाहुणं कोणी नाही, मी एकटीच बोलणार आहे. विषय आहे बायकांच्या गाण्याच्या संघांचा इतिहास. म्हणजे खरं तर माझ्या आजीचा. आणि तिच्या मागे गाणाऱ्या एका आवाजाचा, ज्याचं नाव मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं.

सुरुवात मात्र अमेरिकेतून करते, कारण माझ्या डोक्यात हा किडा तिथूनच शिरला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या टीममधली एक बाई तिकडे अमेरिकेत असते. एकदा संध्याकाळच्या कॉलवर ती म्हणाली, उद्या मी सुट्टीवर आहे, आमच्या चॅप्टरचं स्नेहसंमेलन आहे. मला वाटलं पुस्तकाचा चॅप्टर. मग तिने समजावलं. तिकडे कॉलेजांत मुलामुलींचे संघ असतात, त्यांची ग्रीक अक्षरांची नावं असतात, आणि प्रत्येक कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात. तिचा संघ संगीत शिकणाऱ्या मुलींचा. नाव सिग्मा आल्फा आयोटा.

मी नंतर वाचलं त्याबद्दल. १८९८ साली बॉस्टनच्या संगीत शाळेत पुरुषांचा एक संघ निघाला, सिन्फोनिया नावाचा. बायकांना त्यात जागा नव्हती. मग १२ जून १९०३ रोजी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात, तिथल्या संगीत विद्यालयात, सात जणींनी मिळून स्वतःचा संघ काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनसिनाटीला असाच आणखी एक निघाला, म्यू फाय एप्सिलॉन. आज शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, दोन्ही चालू आहेत. आणि त्या पहिल्या सात जणींची नावं आजही कोणीही शोधून काढू शकतं. सातच्या सात.

माझी ती सहकारी म्हणाली, आमच्या शाखेच्या वहीत माझ्या आधीच्या प्रत्येक मुलीचं नाव आहे. ती हे अगदी सहज बोलली. मी मात्र कॉल संपल्यावर लॅपटॉप बंद करून तशीच बसून राहिले.

कारण आमचाही एक संघ होता की! इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, गच्चीवर. लाइट गेली की आम्ही वर जायचो. कोणी ताट वाजवायची, कोणी बादली. मुरबाड, शहापूर, वाडा, रोहा, कुठकुठच्या मुली. प्रत्येकीच्या गावची हळदीची गाणी वेगळी, चाल मात्र कुठेतरी जुळायची. शेवटच्या वर्षाच्या मुली निघाल्या की त्यांना गाऊनच निरोप द्यायचा, असा रिवाज होता. तो आमच्या आधीपासून चालत आला होता. कोणी सुरू केला? माहीत नाही. आमच्या आधी गच्चीवर कोण होतं? एकीचंही नाव सांगता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता, तो फोन बदलले तसा गेला. हातात मोबाइल असलेल्या, बीटेक होणाऱ्या मुलींची ही गत. मग आजीला कशाला बोल लावा?

आता १९०३ साली आपल्याकडे काय होतं ते बघा. विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते १९०१ साली. बायकांचं विद्यापीठ कर्व्यांनी सुरू केलं १९१६ साली. म्हणजे कॉलेजातल्या मुलींचा संगीताचा संघ त्या काळात आपल्याकडे शोधायला गेलं, तर हाती फारसं काही लागणार नाही. पण बायकांचा गाणारा संघच शोधायचा असेल तर कॉलेजात कशाला जायचं? मांडवात जायचं.

आमच्या भागातल्यांना धवलारीण ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. ठाणे, रायगड भागात आगरी, कोळी, कुणबी लग्नांत जी बाई विधींची गाणी गाते ती धवलारीण. ती गाते ते धवले. वारली लोकांत तिलाच धवलेरी म्हणतात, आणि तिथे लग्न लावण्याचं कामही तिचंच. भटजी नाही, पोथी नाही. तिच्या तोंडात जे आहे तेच शास्त्र. हळद लावायची वेळ झाली, तिने गाणं धरलं की हळद लागते. ती थांबली की विधी थांबतो.

आणि ती एकटी कधीच नसते. ती पुढे गाते, आणि बाजूला बसलेली एक किंवा दोघी झील धरतात. म्हणजे तिने ओळ टाकली की ती उचलायची, तिला श्वास घ्यायला जागा द्यायची, ती विसरली तर पुढचा शब्द हळूच सरकवायचा. वर्षानुवर्षं झील धरता धरता एक दिवस तीच पुढे बसते, आणि तिच्या बाजूला नवी बाई येते. शाळा म्हणा, संघ म्हणा, चॅप्टर म्हणा, सगळं हेच. फक्त वही नाही.

माझी आजी धवलारीण होती. मुरबाड तालुक्यातलं आमचं गाव, पण तिचं माहेर शहापूरकडे, आणि गाणं तिने माहेराहूनच आणलं होतं. आजोबा लवकर गेले. एरवी विधवा बाईला शुभकार्यात मागे उभं करायची रीत होती, पण आमच्या गावात मांडव पडला की पहिलं बोलावणं आजीला यायचं. नारळ, तांदूळ, लुगडं आणि वर काही पैसे. लहानपणी मला वाटायचं, माझी आजी म्हणजे मोठी अधिकारी आहे.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय, पण त्याच्याशिवाय हा भाग करण्यात अर्थ नाही.

मे २०१८. माझ्या चुलत बहिणीची हळद. मी कॉलेजात होते. सहज म्हणून मी फोनवर आजीचं गाणं रेकॉर्ड करायला लावलं आणि फोन तिच्याजवळ ठेवून दिला. ३८ मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. आजी देवांना आमंत्रण देतेय. गावदेवापासून सुरुवात, मग म्हशाचा म्हसोबा, कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा. ओळ तीच, देव फक्त बदलतो. आम्ही प्रोग्रॅममध्ये लूप लिहितो ना, अगदी तसं. देव संपले की घरातले गेलेले लोक. पणजोबा, पणजी, आजोबा, एक काका जो लहानपणीच गेला. त्यांनाही लग्नाला बोलवायचं. मग नवरी, नवरीचा बाप, मामा. सगळ्यांची नावं, एकही चुकत नाही.

आणि ३६व्या मिनिटाला माझा आवाज येतो. 'आजी, आवर ना गं. डीजेवाला थांबलाय, दहाला बंद करायचंय त्याला.'

आजी दोन ओळी गाते. मग थांबते. कोणीतरी माइकवर चेक, चेक म्हणतं आणि रेकॉर्डिंग संपतं.

मी ते कधी ऐकलंच नाही. २०२१च्या पावसाळ्यात आजी गेली. २०२३ साली नवा फोन घेतला, जुन्यातल्या फायली हलवताना ते सापडलं. ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फक्त माझा तो आवाज ऐकू आला. दुसऱ्यांदाही तोच. चौथ्या-पाचव्या वेळी मला आजीच्या मागचा आवाज ऐकू यायला लागला. बारीक, जरा किनरा, पण पक्का. २०व्या मिनिटाच्या आसपास आजी अडखळते, तर हा आवाज तिच्या आधी शब्द घेतो आणि आजी तो पकडते. इतक्या सफाईने, की मांडवात कोणाला कळलंही नसेल.

मी आईला विचारलं, ही कोण? आई म्हणाली, आजीच्या माहेरची कोणीतरी, शहापूरची. काकूंना विचारलं, त्याही म्हणाल्या, ती शहापूरची. लग्नात सगळ्यांनी तिच्या हातून हळद लावून घेतली होती, तिला जेवायला वाढलं होतं, जाताना नारळ दिला होता. नाव कोणाला माहीत नाही. मी स्वतः तिच्या पाया पडले होते. मलाही माहीत नाही.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आज मला तुम्हाला सांगायची आहे. धवल्यात सगळ्यांची नावं असतात. देवांची, मेलेल्यांची, नवरा-नवरीची. फक्त गाणारीचं नसतं. अभंगात शेवटी नाव येतं, जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवून घेते, म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला कळतं की हे तिचं. धवल्यात ती सोयच नाही. जी बाई सगळ्या घराची हजेरी घेते, तिची स्वतःची हजेरी कुठेच लागत नाही.

तुम्ही म्हणाल, लोकगीतच ते, त्यात नाव कसलं? थांबा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण शाळेत कोणाचं नाव पाठ केलं? महदाइसा, म्हणजेच महदंबा. महानुभाव पंथातली, तेराव्या शतकातली. आणि तिचं गाजलेलं काव्य कोणतं? धवळे! रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली. म्हणजे आपल्या भाषेतली पहिली ज्ञात कवयित्री मांडवात गाणारी बाई होती. माझ्या आजीच्याच धंद्यातली. मग महदाइसेचं नाव राहिलं आणि बाकीच्यांचं का गेलं? ती जास्त चांगली गायची म्हणून? असेलही. पण मुख्य कारण साधं आहे. तिच्या भोवतालच्या लोकांना लिहून ठेवायची सवय होती. कोण काय बोललं, कुठे, कधी, हे महानुभावांनी लिहिलं, पुढे सांकेतिक लिपीत नकला करून जपलं. महदाइसेला वही मिळाली.

हेच चित्रांत झालंय. वारली लग्नातला चौक भिंतीवर काढायच्या त्या सवाशिणी, आणि तो काढताना गाणारी धवलेरी. शतकानुशतकं बायकांचं काम. सत्तरच्या दशकात ती चित्रं भिंतीवरून कागदावर आली, जगभर गेली, आणि नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. ते मोठेच कलावंत, २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यांच्या आधीच्या भिंती रंगवणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का?

आणि उलटंही एक उदाहरण आहे, जे मला माझ्या कामामुळे फार जवळचं वाटतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. त्यांच्याबरोबर बर्नार्ड बेल हा माणूस होता, मूळचा कॉम्प्युटरचा इंजिनिअर. २०१७ पासून या ओव्या 'पारी'वर आल्या, आवाजासकट. तिथे ओवीखाली काय असतं बघा. गाणारीचं नाव. गाव. तालुका. जिल्हा. वय. धंदा. मी डेटाबेसवर काम करते, मला माहीत आहे की कुठला रकाना ठेवायचा हे कोणीतरी ठरवावं लागतं. गाण्याचा रकाना सगळेच ठेवतात. गाणारीचा ठेवायचा, हे त्यांनी ठरवलं. ओवी तीच, जातं तेच, पण बाई सापडते.

मग मीही एक शीट उघडली. पहिल्या ओळीत आजी. दुसऱ्या ओळीत नावाच्या जागी रिकामं. शेजारी फक्त 'शहापूर'.

तो रिकामा चौकोन भरायला मला पाच महिने लागले. सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला जाणारा रस्ता आहे, तो मी स्कूटीवर किती वेळा केला ते मोजलं नाही. शनिवारी ऐरोलीहून रात्री घरी यायचं, रविवारी सकाळी निघायचं. आजीच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही. मी चहाच्या टपरीवर, किराणाच्या दुकानात, हळदीच्या मांडवांत रेकॉर्डिंग वाजवायचे आणि विचारायचे, हा मागचा आवाज ओळखता का? लोक हसायचे. एकाने विचारलं, सर्व्हे आहे का, पैसे मिळणार का? शेवटी एका लग्नात ताशा वाजवणारा म्हातारा ऐकता ऐकता म्हणाला, हिला तर मी ओळखतो, हिच्या गाण्याच्या मागे माझा ताशा थांबायचा.

तो मला तिच्या घरी घेऊन गेला. ओटीवर बसली होती, वय ऐंशीच्या पुढचं, डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. ती काही बोलेना. मी छोटा स्पीकर लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आजीची पहिली ओळ झाली, आणि समोरून झील आली. २०१८च्या आवाजावर २०२४चा आवाज. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि ही तिला श्वास घ्यायला जागा देत होती.

३६व्या मिनिटाला माझं 'आवर ना गं' आलं. मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला. तिने विचारलं, 'ही तूच काय गो?' मी म्हटलं, हो आजी, मीच. ती म्हणाली, 'बंद नको करू. पुढचं राहिलंय ना, ते मी सांगते.' आणि तिने तो धवला पुरा केला. आजीने टाकून दिला होता तिथपासून शेवटपर्यंत. ११ मिनिटं. ते आता माझ्याकडे आहे.

मग आम्ही वही काढली. तुला कोणी शिकवलं? गावच्या धवलारणीने. गाव कुठलं? तिने हात धरणाच्या दिशेला केला. तिचं माहेर भातसा धरणात गेलं. पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातली गावं टँकरची वाट बघतात, हे तुम्ही पेपरात वाचताच. पण त्या पाण्याखाली गाण्याची एक शाळाही आहे, हे मला तेव्हा कळलं. तिची गुरू, त्या गुरूची सासू, माझी आजी या साखळीत कधी आली, कोणाच्या बाजूला बसली, कोणी मधेच सोडलं, कोण बाळंतपणात गेली. संध्याकाळपर्यंत नऊ नावं झाली. तीन पिढ्या. अ‍ॅन आर्बरला सात होत्या, आमच्याकडे नऊ.

दोन नावं मात्र तिला आठवली नाहीत. एकीला ती फक्त 'थोरली' म्हणायची, दुसरीला 'वाड्याची'. शीटमध्ये त्या दोघी तशाच आहेत.

तिचं नाव मी इथे का सांगत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मी तिला विचारलं होतं, आजी, हे मी लोकांना ऐकवणार आहे, तुझं नाव सांगू का? ती म्हणाली, 'वहीत लिही. रेडिओवर नको बोलू.' पॉडकास्टला ती रेडिओ म्हणते. तिचा शब्द मी पाळतेय. आमच्या गावच्या वहीत तिचं नाव आहे, पूर्ण, माहेरच्या नावासकट, आणि त्या वहीची एक प्रत तिच्या नातीकडे आहे. बाहेर सांगायचं की नाही हे ती नात ठरवेल.

आता डीजेबद्दल दोन शब्द, कारण कॉमेंट येणारच. मी डीजेच्या विरोधात नाही. मी स्वतः नाचते, त्या दिवशीही नाचले होते. आजीला डीजेने थांबवलं नाही, मी थांबवलं. दहाचा नियम आवाज वाढवणाऱ्या पेटीला आहे, धवलारणीला नाही. ती रात्रभर गाऊ शकली असती. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही.

जाता जाता एकच मागणं. येत्या लग्नसराईत तुमच्या भागात धवलारीण असेल, भजनी मंडळाच्या बायका असतील, मंगळागौरीच्या असतील, किंवा हॉस्टेलच्या गच्चीवरच्या मुली असतील, तर रेकॉर्डिंग करालच. करा. पण ते सुरू करण्याआधी पुढे बसलेलीला आणि मागे बसलेलीलाही विचारा, तुझं नाव काय, माहेर कुठलं, तुला कोणी शिकवलं, तुझ्या बाजूला कोण बसायचं. आणि हे लिहून ठेवायला तिची हरकत नाही ना, तेही विचारा. दोन मिनिटं लागतात. मला पाच महिने लागले, कारण मी ती दोन मिनिटं दिली नव्हती.

आमच्या गच्चीवरच्या मुलींची वहीही मी सुरू केली आहे. आतापर्यंत १४ नावं झालीत. त्या हॉस्टेलला राहिलेली कोणी हे ऐकत असेल, आमच्या आधीची किंवा नंतरची, तर मला कळवा. ताट कोण वाजवायची आणि बादली कोण, तेही लिहायचं आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. नमस्कार.